पाथरीचं टोक

पाथरीचं मूळ किती खोल जातं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारणाऱ्याचं तोंड बघते आणि मग आकडा सांगते. पाहुणा शहरातला असेल तर अकरा हात. आमच्या भोकरदन तालुक्यातला असेल तर सात, कारण त्याने काळी जमीन पाहिलेली असते आणि फार ताणलं तर तो उठून जातो. आईसमोर मात्र मला खरं बोलावं लागतं. ते मूळ तिने माझ्याबरोबर उकरलं होतं आणि मापही तिनेच घेतलं होतं.

तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. वर्षअखेरीला प्रत्येकाने दहा वनस्पती स्वतः हिंडून शोधायच्या, मुळासकट काढायच्या, वर्तमानपत्रात दाबून वाळवायच्या आणि जाड कागदावर चिकटवून त्यांची फाइल द्यायची, असा नियम. हिला हर्बेरियम म्हणतात. आमच्याकडे हर्बेरियम हिंडून मिळत नसे, वारसाहक्काने मिळे. वरच्या वर्गातली ताई पास झाली की तिची फाइल खालच्या वर्गातलीला. तिने फक्त कोपऱ्यातली चिठ्ठी खरवडायची आणि स्वतःच्या नावाची डकवायची. माझ्या वाट्याला आलेली झाडं इतक्या जणींच्या हातून पास झाली होती, की न्यायाने एव्हाना त्यांनाच पदवी द्यायला पाहिजे होती.

आमच्या मॅडमचा आवाज बारीक आणि नजर भिंगासारखी. त्यांनी फाइलमधलं पहिलंच पान उघडलं.

“ही कुठं सापडली तुला?”

“गायरानावर, मॅडम. श्रावणात. पाऊस असा कोसळत होता म्हणून सांगू, एका हातात छत्री, एका हातात खुरपं, त्यात एक बैल अंगावर...”

“बैल राहू दे.” त्यांनी झाड अलगद उलटलं. मागे दाबणीच्या वर्तमानपत्राचा एक तुकडा चिकटून राहिला होता, पिवळाजर्द. त्यावर सिनेमाची जाहिरात. मॅडमनी ती नीट वाचली. “हा सिनेमा लागला तेव्हा मी कॉलेजात होते. तू कुठं होतीस?”

मी कुठेच नव्हते. माझ्या आईबापाची सोयरीकसुद्धा जमली नव्हती.

वर्गात हशा झाला नाही, कारण बाकीच्यांच्या फायलींवरही असेच सिनेमे चिकटलेले असणार. मॅडमनी माझं जर्नल बाजूला ठेवलं. जर्नलवर त्यांची सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. प्रॅक्टिकल नाही तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं तर पुढे काय, ते आईने आधीच ठरवून ठेवलं होतं. आई गावात खुरपणीला जाते, दहाबारा बायांची ती पुढारीण. तिने माझ्यासाठी एक नवं खुरपं धार लावून कोनाड्यात ठेवलं होतं. मी आळस केला की ती नुसती कोनाड्याकडे बघायची.

“आठ दिवस देते,” मॅडम म्हणाल्या. “दहा नकोत. एकच वनस्पती आण. पण पुरी. फुलापासून मुळाच्या टोकापर्यंत. मूळ तुटलेलं चालणार नाही. आणि वर्णन पुस्तकातून उतरवायचं नाही, डोळ्यांनी बघून लिहायचं. आज सकाळी भाकरीबरोबर काय खाल्लंस?”

“पाथरी, मॅडम.”

“मग तीच.”

मला हसूच आलं. पाथरी! बांधावर, गव्हात, हरभऱ्यात, पाटाच्या कडेला, जिथे जरा ओल आणि ऊन तिथे ही बसलेली. पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, भाकरी थापल्यासारखी. प्रत्येक पान कडेला कातरलेलं, आणि उन्हात तिरपं धरलं तर त्या कातरीवर बारीक पांढरे दात दिसतात. पान मोडलं की दूध येतं, कडू. मीठ आणि तेल लावून कच्चीच खायची. आमच्याकडे तोंडाची चव गेलेल्या माणसाला दवाखान्याआधी पाथरी देतात. एवढी ओळखीची बाई, तिला उपटून आणायला आठ दिवस कशाला?

पहिल्या दिवशी मी एकशे अकरा पाथऱ्या उपटल्या. आई म्हणते अकरा. काही असो, एकीचंही मूळ पुरं आलं नाही. वरून धरून ओढावं तर कट्‌ असा आवाज, हातात पानांचा झुबका, खाली दुधाचा पांढरा ठिपका, आणि उरलेलं मूळ जमिनीत निवांत. संध्याकाळी आई कामावरून आली तेव्हा अंगणात मुंडकी तुटलेल्या पाथऱ्यांचा ढीग आणि त्याशेजारी मी.

“काय करून राह्यली गं माय? बाजार मांडती का भाजीचा?”

मी सगळं सांगितलं. फायलीचं, सिनेमाचं, सहीचं. ती कोनाड्याकडे बघेल म्हणून मी आधीच मान खाली घातली होती. ती म्हणाली, “तुला तिचं टोक पाहिजे?”

“हो.”

“म्या तीस वर्षं झाले खुरपून राह्यले. मला बी न्हाई दिसलं आजवर.”

मग तिने मला जे सांगितलं ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हतं. खुरपणीच्या बाया पाथरी मुळातून काढतच नाहीत. जमिनीच्या बोटभर खाली मूळ जिथे जाड होतं, त्या जागेला त्या मान म्हणतात. खुरपं मानेच्या वर चालवायचं. मान ठेवली की पंधरा दिवसांत पुन्हा पानं. म्हणजे मालकाचं रान साफ आणि बायांची भाजी चालू. “मुळातून काढली तर खायचं काय?” आई म्हणाली. “अन काढू म्हटलं तरी निघती का ती? आडवी बी चालती.” तेही खरं. तिच्या बारीक फांद्या जमिनीवरून सरपटत जातात, हातभर गेल्या की टेकतात, टेकल्या तिथे खाली मूळ सोडतात आणि वर नवी पाथरी बसते. एका आईच्या चार लेकी, प्रत्येकीचा संसार वेगळा. मधली फांदी वाळून गेली तरी कुणाचं काही अडत नाही.

आई कामाला जात होती त्याच रानातला एक बांध तिने निवडला. कधी नांगर न लागलेला, पवन्या गवताचा, आणि त्यावर एक म्हातारी पाथरी. तिची मान माझ्या अंगठ्याएवढी. फाल्गुन लागला होता, शेजारच्या काळ्या रानात भेगा पडायला सुरुवात झाली होती. संध्याकाळी आम्ही तिच्या बाजूला चार हंडे पाणी हळूहळू मुरवलं, सकाळी माती मऊ व्हावी म्हणून.

सकाळी खोदायच्या आधी मी फुलासाठी बसले. वर्णन डोळ्यांनी बघून लिहायचं होतं ना. मी तिथे सूर्य उगवायच्या आधीपासून बसले, आणि खरं सांगते, तोपर्यंत तीन वर्षं वनस्पतिशास्त्र शिकूनही मी एकही फूल उघडताना पाहिलं नव्हतं. ऊन बांधावर आलं. हिरव्या मिटलेल्या कळीच्या टोकाला पिवळी रेघ दिसली. मग माझी पापणी लवली असेल नसेल, ती रेघ रुंद झाली. आठच्या सुमारास अख्खा रुपयाएवढा पिवळा सूर्य माझ्यासमोर उघडा. मी एक पाकळी सुईने सोडवली आणि कॉलेजच्या भिंगाखाली धरली. ती पाकळी नव्हतीच. ते एक अख्खं फूल होतं. खाली बारीकसं बी, त्याच्याभोवती पांढरे केस, मधे नळी, नळीतून वर आलेली दोन टोकांची जीभ, आणि पिवळ्या पट्टीच्या शेंड्याला पाच दात. म्हणजे ज्याला मी जन्मभर एक फूल समजत होते, ती एका हिरव्या वाटीत दाटीने बसलेली बायांची बैठक होती. मी मोजायला लागले आणि तीनदा चुकले.

“आई,” मी ओरडले, “हे एक फूल न्हाई, गाव आहे!”

ती आली, भिंगाला डोळा लावला, आणि कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, “पाच दात हायेत बरोब्बर. मोजले म्या.” आणि थोड्या वेळाने, “रोज ह्याच्यावर पाय देऊन चालतो गं आपण.”

दुपार व्हायच्या आत फूल मिटलं. तोवर मी त्याचं चित्र काढून घेतलं होतं. मग आम्ही खड्डा घेतला. मुळावर नव्हे, मुळाच्या शेजारी, म्हणजे बाजूने उघडत उघडत जायचं. आईच्या हातात बाभळीचा काटा आणि पाण्याचा तांब्या. ती मातीचा कण न कण भिजवून काट्याने काढायची, लहान पोराच्या डोळ्यातली घाण काढावी तशी. मी खाली खोली वाढवायची. मूळ सरळ खाली. बोटाएवढं, मग पेन्सिलीएवढं. गुडघा झाला. मांडी झाली. तरी खालीच.

आणि इथे शेतमालक आले. दोन बायका बांधावर मांडीएवढा खड्डा घेऊन आत डोकं घालून बसल्यात, हे त्यांनी दुरून पाहिलं होतं.

“काय चाललंय बाई?”

“पाथरी काढून राह्यलो, मालक.”

“एवढा खड्डा घेऊन?”

“मूळ लांब हाय तिचं.”

मालक हसले. शहाणा माणूस वेड्यांकडे बघून हसतो तसे नव्हे, चोरी पकडलेला माणूस चोरांकडे बघून हसतो तसे. आमच्या भागात बांधावर कुणी खोल खोदलं की माणसाला एकच गोष्ट सुचते, पुरलेलं धन. ते खाली बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, “हंडा हाय का?”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी, देव मला क्षमा करो, आजूबाजूला बघितलं आणि तेवढ्याच हळू आवाजात म्हटलं, “काका, आम्ही काही बोललो का?”

झालं. मालक उठले ते पळतच गेले आणि टिकाव, फावडं घेऊन आले. “निम्मं निम्मं,” ते म्हणाले.

“निम्मं कशाला?” आई शांतपणे म्हणाली. “मूळ तेवढं आमचं. बाकी खाली जे निघंल ते सारं तुमचं.”

इतका चांगला सौदा त्यांना आयुष्यात कुणी दिला नसेल. त्यांनी सदरा काढला. आई वरून हुकूम सोडायची, “बाजूनं मालक, बाजूनं! मुळाला धक्का लागला तर सारं गेलं!” आणि ते बिचारे समजायचे की हा काहीतरी मंत्र आहे, मूळ तुटलं की हंडा खाली सरकतो. मधे एक खापराचा तुकडा लागला. मग तर त्यांच्या दंडात दहा हॉर्सपॉवरची मोटर बसली. सूर्य मावळतीकडे झुकेपर्यंत त्या माणसाने एकट्याने आम्हाला अर्धा हात खोली दिली.

काळी माती संपली. खाली पिवळसर मुरूम लागला. मूळ आता बांगडीच्या तारेएवढं बारीक झालं होतं, आणि मला खात्री वाटत होती की ते मुरमाला टेकून संपणार. ते संपलं नाही. मुरमात एक भेग होती, नखसुद्धा आत जाणार नाही एवढी. तीच शोधून मूळ आत शिरलं होतं. आईने टिकाव बंद करवला. ती खड्ड्यात पालथी पडली आणि काट्याने भेगेची एक एक कपची उचलू लागली. शेवटची कपची निघाली तेव्हा खाली पांढरा दोरा दिसला, दोन बोटं लांब, आणि त्याचं टोक. त्या टोकाभोवतीचा मुरूम ओला होता. वर रानाला भेगा, बांधावरचं गवत वाळून कुरकुरत होतं, आणि इथे चिमूटभर जागा ओली होती. ते आम्ही ओतलेलं पाणी नव्हतं. आमचं पाणी गुडघाभर खाली येऊनच थांबलं होतं, आणि मुरूम लागल्यापासून आईने तांब्याला हात लावला नव्हता.

आईने आपला तळवा त्या टोकाखाली धरला. मालकही वाकून बघत होते.

“ह्येच होतं खाली?” ते म्हणाले.

“ह्येच.”

“माझ्या बोअरला पाणी न्हाई लागलं,” ते म्हणाले, “अन हिला लागलं.” मग ते खड्ड्याच्या काठावर बसले. हंडा ते विसरले असतील असं मी म्हणणार नाही, पण टिकाव त्यांनी पुन्हा उचलला नाही.

आईने कोपरापासून बोटापर्यंत हात लावून मूळ मापलं. दोन हात आणि चार बोटं. हा खरा आकडा, घ्या. मला तो तेव्हाही अकरा हातांहून मोठा वाटला आणि आजही वाटतो. घरी येताना पाथरी ओल्या लुगड्यात गुंडाळून आईने स्वतः धरली होती. “मला वाटायचं म्या हिला काढून राह्यले,” ती वाटेत एकदाच बोलली.

दाबायला फळांच्या खोक्याच्या दोन फळ्या घेतल्या. मूळ कागदावर मावेना, म्हणून पाच घड्या करून नागमोडी मांडलं, न मोडता. दोन दिवस रोज कागद बदलले. फुलं मिटलेली, पण पिवळी. तिसऱ्या दिवशी ज्वारीची पोती घरी आली आणि आईने भार चांगला पडावा म्हणून दोन पोती त्या फळ्यांवर रचली. ती हलवायला पैलवान लागला असता. मी म्हटलं, राहू दे, आता आठव्या दिवशीच काढू. त्या दिवशी फळ्या काढल्या त्याही न उघडताच, साडीच्या काठाने करकचून बांधून.

कॉलेजात आईही आली. “टोक म्या काढलं, मंग सही होताना बघणार,” म्हणाली. एसटीत फळ्या मांडीवर. कंडक्टरने विचारलं, “ह्यात काय हाय मावशी?” आई म्हणाली, “लेकीचं वर्ष.”

प्रयोगशाळेत मॅडमसमोर मी काठ सोडला, वरची फळी काढली, कागद उचलला. नागमोडी मूळ टोकापर्यंत जसंच्या तसं. पानं सपाट, दात दिसत होते. आणि फुलं? फुलं नव्हतीच. जिथे पिवळं होतं तिथे पांढराशुभ्र कापूस. डोक्यावर पंखा गरगरत होता. मी “अगं बाई” म्हणेपर्यंत तो कापूस उठला, आणि पाथरीच्या म्हाताऱ्या प्रयोगशाळाभर उडाल्या. टेबलावर, सूक्ष्मदर्शकावर, मॅडमच्या केसांत. मी सांगते लाखभर होत्या.

“पंखा बंद!” मॅडम म्हणाल्या.

फुलापासून टोकापर्यंत, असं त्या म्हणाल्या होत्या. टोक होतं, फूल उडून गेलं होतं. “मॅडम, फुलं होती. शपथ. पिवळी होती. मी स्वतः दाबली,” मी म्हटलं, आणि बोलता बोलताच मला माझा आवाज ऐकू आला. छत्री आणि बैलवालीचा आवाज. माझ्यासारखीवर कोण विश्वास ठेवणार? मी खरं बोलत होते आणि खरं कसं बोलतात तेच मला येत नव्हतं.

मॅडमनी माझं वर्णन ओढून घेतलं. चित्र बघितलं. वाचत राहिल्या. “फूल मिटलं कधी?”

“दुपार व्हायच्या आत. मी तिथेच होते.”

“शेंड्याला दात किती?”

“पाच,” मी म्हणायच्या आत आई बोलली. “म्या बी मोजले.”

मॅडमनी पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. मग कागदावर उरलेली एक म्हातारी चिमट्याने उचलली आणि भिंगाखाली ठेवून आईला जागा दिली. “बघा. बी पिकलंय,” त्या म्हणाल्या. “फूल दाबलं तेव्हा हिला कळलंच नाही आपण तुटलोय म्हणून. अंगातल्या दुधावर तिने आतल्या आत बी करून टाकलं. पोत्यांखाली, अंधारात. मी पुस्तकात वाचलं होतं. असं उडताना आज बघते.”

त्यांचा बारीक आवाज आणखी बारीक झाला होता.

“न्हाई मरत ती,” आई भिंगातून डोळा न काढता म्हणाली. “मान ठिवली की झालं.”

“मान म्हणजे?”

आईने वाळलेल्या पाथरीवर बोट ठेवून दाखवलं, खुरपं कुठवर चालवायचं, कुठं थांबवायचं, पाऊस असेल तर किती दिवसांत पानं येतात, नसेल तर किती. मॅडमनी मधेच तिला थांबवलं, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, “जरा हळू सांगा.” त्या लिहून घेत होत्या. मी माझ्या आईला कुणाला शिकवताना पाहिलं होतं, पण लिहून घेणारं कुणी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी माझं जर्नल ओढलं आणि शेवटच्या पानावर सही केली. शाईचं पेन होतं. शाई ओली असतानाच वरून कुठूनतरी एक म्हातारी तरंगत आली आणि सहीवर बसली. मी फुंकर मारायला वाकले तर मॅडमनी हात आडवा धरला. बी, त्यावरचे सगळे केस, शाईत चिकटून वाळले. बाहेरच्या परीक्षकांपुढे माझं जर्नल तसंच गेलं.